जुन्या मारुती ८०० साठी साताऱ्यातील भरवशाचे गॅरेज

माझी २००६ सालची मारुती ८०० गेली ८ वर्षे गोडोलीतील एका छोट्या गॅरेजमध्ये दुरुस्तीला जाते. मागील उन्हाळ्यात यवतेश्वरचा घाट चढताना तिच्या तापमानाचा काटा लाल पट्टीला टेकला, तेव्हा दुसऱ्या एका ठिकाणी कोणतीही तपासणी न करताच हेड गॅसकेट (इंजिनाचा वरचा व खालचा भाग यांमधील सील) गेल्याचे सांगून इंजिन खोलण्याचा मोठा खर्च माझ्यापुढे मांडण्यात आला. आमच्या मिस्त्रींनी मात्र आधी इंजिन थंड होऊ दिले, कूलंटची पातळी पाहिली, ऑइलमध्ये पाणी मिसळून ते दुधाळ झालेले नाही याची खात्री केली आणि मग गाडी जागेवर चालू ठेवून रेडिएटरचा पंखा फिरण्याची वाट पाहिली. पंखा फिरलाच नाही, कारण तो चालू करणारा स्विच निकामी झाला होता. नवा स्विच बसवून त्यांनी जुना माझ्या हाती ठेवला. बदललेला प्रत्येक भाग दाखवण्याची ही पद्धत मला फार मोलाची वाटते.

२०२१ मध्ये १५ वर्षे पूर्ण झाल्यावर ५ वर्षांसाठी नोंदणीचे नूतनीकरण करायचे होते, तेव्हाही हँडब्रेक आणि हेडलाइटची कामे त्यांनी तपासणीपूर्वीच सुचवली. टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनातील भाग एका तालात फिरवणारा पट्टा, तुटण्याची वाट न पाहता तो वेळेत बदलावा, असा त्यांचा आग्रह असतो.

गर्दीमुळे गाडी कधीकधी २ दिवस ठेवावी लागते, म्हणून आधी विचारून जावे.