वीस हजार आठशे साठ रुपये, आणि सीटखाली तापलेली बॅटरी

मुलांसाठी घरी मोटरची जीप बनवायला निघालेल्या प्रत्येक आईबापाने हे वाचा. माझे २०,८६० रुपये गेले. त्याहून वाईट म्हणजे माझी सहा वर्षांची मुलगी त्या बॅटरीवर बसली होती.

मी अडाणी नाही. बारा वर्षं कारखान्यात मेंटेनन्सला आहे. सांगाडा कोल्हापुरात उद्यमनगरात एक इंची चौकोनी पाइपचा वेल्ड करून घेतला, चाकं, चेन, ब्रेक सगळं माझ्या हाताने बसवलं. फक्त मोटर, कंट्रोलर आणि बॅटरी असा 'पूर्ण किट' ऑनलाइन घेतला, कारण सुटं घ्यायला गेलं की साडेतीन-चार हजार जास्त पडत होते. २४ व्होल्टची ३५० वॅट मोटर आणि २४ व्होल्ट २० अँपिअर-तासाचा लिथियम पॅक, सगळं मिळून १८,५००. आधी ९,०००, माल निघताना ९,५००. समोरचा माणूस मोटरीचं बरोबर बोलत होता, स्प्रॉकेटचे दात मोजून सांगत होता. अशा माणसावर कुणीही विश्वास ठेवला असता. पिवळा रंग मारलेल्या जीपचा, मुलीला पुढे बसवलेला फोटोही मीच त्याला हौसेने पाठवला होता.

बॅटरीचं पार्सल आलं तेव्हा बायकोने ते उचललं आणि म्हणाली, "अहो, बॅटरी एवढी हलकी कशी?" मी म्हटलं, "लिथियम हलकंच असतं." हे माझं वाक्य आहे आणि ते आजही मला झोपू देत नाही. कुरियरच्या चिठ्ठीवर वजन छापलेलं होतं, १.१४ किलो. एक १८६५० सेल (असे पॅक ज्यांचे बनतात तो बोटाएवढा गोल सेल) साधारण ४५ ग्रॅमचा. अडीच अँपिअर-तासाच्या सेलचा २० अँपिअर-तासाचा पॅक म्हणजे २४ व्होल्टसाठी सात सेलची एक ओळ, अशा आठ ओळी, ५६ सेल, नुसत्या सेलचंच वजन अडीच किलो. हा हिशोब मला येतो! मी केला नाही. मल्टीमीटर लावला, २८.९ व्होल्ट दिसले आणि खूश झालो. व्होल्टेज सातच्या दोनच ओळी, म्हणजे चौदा सेल असले तरी तेवढंच येतं. वजन करा, काट्यावर ठेवा, मगच वायर जोडा.

पहिल्याच रविवारी पार्किंगमध्ये सहाव्या-सातव्या मिनिटाला मुलगी ओरडली, "बाबा, बुडाला चटके बसतायत." तिला उचलून घेतलं. सीटखालचं निळं वेष्टन मऊ पडलं होतं, हात लावता येत नव्हता. थंड झाल्यावर कापलं. आत जुन्या लॅपटॉपमधले चौदा सेल, सेल जोडणाऱ्या आधीच्या निकेलपट्ट्या उपटल्याच्या खुणा तशाच, आणि बाकी सगळं थर्माकोल. मोटरीवरचं ३५० चं स्टिकर खरवडलं तर खाली २५० कोरलेलं.

त्याला फोटो पाठवले. लगेच माफी, "सर, चुकून दुसऱ्याचा पॅक आला, रिप्लेसमेंटचे २,००० आणि जीएसटी ३६० भरा, परत मिळतील." भरले. होय, भरले. पैसे अडकलेला माणूस आणखी पैसे घालतो, त्यावरच यांचा धंदा चालतो. सोळा दिवस "आज निघेल" ऐकलं, मग नंबर ब्लॉक.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला तर पहिला प्रश्न, इतके दिवस काय करत होता? (तुम्ही त्याच दिवशी, त्याच तासाला फोन करा, तरच पैसे पुढे जायच्या आधी गोठवता येतात.) बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकलाय. पोलीस ठाण्यात तीन खेपा. पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्ताला, दुसऱ्या दिवशी "लेखी अर्ज आणा", तिसऱ्या दिवशी अर्ज वाचून, "माल मिळालाय ना? मग फसवणूक कसली, ग्राहक आयोगात जा." थर्माकोल माल झाला का? भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ आहे ना यासाठीच, असं म्हटलं तर, "आम्हाला कायदा शिकवू नका." चौदा सेल टेबलावर ठेवले होते, एकाने वर मान करून पाहिलं नाही. पोर भाजलं असतं तर पंचनाम्याला मात्र धावत आले असते.

ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही आणि आपल्या राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते, हे चांगलं आहे. पण समोरच्याचा पत्ता लागतो. बिलावर पुण्याचा पत्ता आणि जीएसटी नंबर ०७ ने सुरू होणारा. ०७ म्हणजे दिल्ली, महाराष्ट्राचा २७. जीएसटीच्या पोर्टलवर टाकला तर कुठल्यातरी कापड दुकानाचा निघाला. दोन मिनिटांचं काम, पैसे द्यायच्या आधी करा. पार्सल उघडताना व्हिडिओ काढा, माझ्याकडे तोही नाही. आणि बॅटरी शक्यतो गावातल्याच दुकानातून घ्या, परत जाऊन गचांडी धरता येते.

परवा मेव्हण्याने एक जाहिरात पाठवली. नवं नाव, नवा नंबर, तोच किट, १७,९९९ रुपये. फोटोत पिवळी जीप आहे, आणि पुढे माझी मुलगी बसली आहे.