फिशटँकला कुठला लाइट घ्यायचा: पांढरा, निळा, गुलाबी की आरजीबी?

मागच्या वर्षी भावाच्या चार फुटी टँकसाठी दोन रेड पॅरट मासे आणले. दुकानात नुसते पेटलेले दिसत होते, टोमॅटोसारखे लालबुंद, आणि घरी आणून सोडले तर पिकल्या भोपळ्याच्या फोडी. नवीन पाण्यात मासा घाबरतो, एक-दोन दिवस रंग उडतो, तसं असेल म्हणून आठवडाभर थांबलो पण भोपळा काही हलेना. परत त्या दुकानात गेलो तेव्हा पहिल्यांदा मान वर करून बघितलं, ओळीने सगळ्या टँकवर गुलाबी ट्यूब. दुकानदार हसून म्हणाला, साहेब ही ट्यूब पण आहे आपल्याकडे, देऊ का?

तेव्हापासून या रंगांच्या मागे लागलो. माझा स्वतःचा टँक दोन फुटी, दोन बाय एक बाय एक, म्हणजे साधारण 55 लिटर, त्यात निऑन टेट्रा आणि गप्पी, झाडांमध्ये जावा फर्न, अॅनुबियास, व्हॅलिसनेरिया आणि थोडं रोटाला. तर मी काय केलं, बारा व्होल्टची पांढरी स्ट्रिप एक फूट कापून डाव्या अर्ध्यावर आणि रिमोटवर रंग बदलणारी आरजीबी (लाल-हिरवा-निळा) स्ट्रिप एक फूट कापून उजव्या अर्ध्यावर लावली, आणि रोज संध्याकाळी खुर्ची टाकून बसायला लागलो, घरच्यांना वाटलं याचं काहीतरी बिनसलंय.

आरजीबी निळ्यावर ठेवली की बघण्यासारखं होतं. निऑन डावीकडून पोहत यायचा, पोटाखालचा लाल पट्टा छान लाल, आणि मधली रेघ ओलांडली की तोच लाल पट्टा काळा. निळ्या प्रकाशात लाल नावाचं काही नसतंच, तर मासा परत काय पाठवणार. वरची निळी रेघ मात्र अशी चमकायची की पाहुणे मोबाइल काढायचे. जावा फर्न तिकडे काळपट, गप्पीची केशरी शेपटी मातकट.

मग रिमोटवर पांढरा दाबला. हा आरजीबीचा पांढरा म्हणजे लाल, हिरवा, निळा तिन्ही एकदम पेटवून डोळ्याला दिलेला चकवा आहे, आणि तो उघडा पडतो वाळूवर, कारण व्हॅलिसनेरियाच्या पानाच्या सावलीला एका कडेला लाल आणि दुसऱ्या कडेला निळी किनार दिसते, पान हललं की किनारी हलतात. आठवडाभर भारी वाटलं, नंतर डोक्यात जायला लागलं. शिवाय असल्या स्वस्त स्ट्रिपला दमच नसतो, टँक उजळलेला वाटतो पण झाडापर्यंत फारसं काही पोचत नाही.

साधा पांढरा एलईडी आतून निळाच असतो, साधारण 450 नॅनोमीटरची (प्रकाशाचा रंग या मापात सांगतात) निळी चिप आणि तिच्यावर पिवळ्या फॉस्फरचा, म्हणजे निळा पडला की पिवळं चमकणाऱ्या पावडरीचा, थर. म्हणून पांढऱ्यासोबत झाडांसाठी वेगळा निळा घ्यायलाच लागतो असं कोणी सांगितलं तर खिशात हात घालू नका, निळा आलाच आहे त्यात. या पांढऱ्यात कमी पडतो तो गडद लाल, 630-660 च्या आसपासचा. खोक्यावर 6500 के (केल्विन) किंवा कूल डेलाइट लिहिलेलं असतं तो दुपारच्या उजेडासारखा, आकडा वाढला की निळसर, कमी झाला की पिवळट. 3000 चा वॉर्म मी लावून बघितला, पाणी चहाच्या दुसऱ्या उकळीसारखं दिसायला लागलं, आमच्याकडे कोणालाच नाही आवडलं. पण ड्रिफ्टवुड टाकून मुद्दाम तपकिरी पाण्यात फायटर मासा ठेवणारे असाल तर 4000 चा एकदा बघाच, तिथे तो शोभतो.

गुलाबी, म्हणजे ग्रो लाइट म्हणून विकतात तो लाल अधिक निळा. झाडांसाठी खोटा नाही, क्लोरोफिल लाल आणि निळाच जास्त ओढतं, त्यामुळे झाडं वाढतात. झाडं हिरवा अजिबात घेत नाहीत हे मात्र अर्धवट ज्ञान आहे, कमी घेतात पण घेतात. अडचण आपल्या डोळ्यांची आहे, डोळा सगळ्यात तेज हिरव्याला, 555 नॅनोमीटरच्या आसपास, आणि गुलाबीत नेमका तोच नाही, म्हणून टँक अंधारा दिसतो आणि हिरवं पान काळं. लाल मासे तेवढे खुलतात. फ्लॉवरहॉर्न किंवा पॅरटवाल्यांना तेवढंच हवं असेल तर घ्या, पण मासा विकत घेताना मोबाइलचा टॉर्च मारून खरा रंग बघून घ्या, मी आता तेच करतो.

निळा अधिक पांढरा हे कॉम्बिनेशन मुळात समुद्री टँकवाल्यांचं. समुद्रात लाल प्रकाश वरच्या काही मीटरमध्येच संपतो, खाली निळा उरतो, आणि प्रवाळाच्या आत राहणारं सूक्ष्म शैवाल त्या निळ्यावरच जगतं, वर काही प्रवाळ निळ्याखाली हिरवे-केशरी चमकतात ती वेगळी मजा. कोरल ठेवणार असाल तर निळ्याशिवाय पर्याय नाही, पण मग तुम्ही दोन फुटी टँकच्या बजेटमध्ये नाही आहात. गोड्या पाण्यात निळा फक्त शोसाठी. आणि तो रात्रभर नाइट लॅम्प म्हणून चालू ठेवू नका प्लीज, माशांना पापण्या नसतात, त्यांनाही अंधार लागतो.

राहिला डब्ल्यूआरजीबी, पांढऱ्यासोबत लाल-हिरवा-निळा वेगळे. हा चांगला निघाला तर सगळ्यात सुंदर दिसतो यात वाद नाही, रोटालाचा गुलाबी आणि फर्नचा हिरवा दोन्ही उठून येतात. पण दोन फुटीसाठी काही हजारांत जातो, आणि इतका उजेड दिला की झाडं सीओटू (कार्बन डायऑक्साइड) आणि खत मागायला लागतात, ते नाही दिलं तर शेवाळ हक्काने येतं. रोटाला लालच करायचंय, सीओटूचा सिलेंडर पण आणणार आहात, तर घ्या. जावा फर्न आणि अॅनुबियाससाठी हा लाइट म्हणजे उंदराला मारायला तोफ.

माझं मत विचाराल तर पहिला टँक, सोपी झाडं, मिक्स मासे असतील तर 6500 चा पांढरा, मिळाला तर सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा शंभरपैकी आकडा) 90 चा, कारण 80 वाल्यात लाल रंग जरा मरतो. त्यात चार-सहा लाल एलईडी असतील तर उत्तम. किती घ्यायचा याचा ढोबळ हिशेब म्हणजे सोप्या झाडांना लिटरमागे 15-20 लुमेन (उजेडाचं माप, खोक्यावर असतं), म्हणजे माझ्या 55 लिटरला हजारभर लुमेन, 10 वॉटच्या एका चांगल्या दोन फुटी बॅटनमध्ये (ट्यूबसारखी एलईडी पट्टी) येतात. हा लुमेनचा हिशेब गुलाबी-निळ्या लाइटला लावू नका, लुमेन आपल्या डोळ्याच्या मापाने मोजतात, झाडाच्या नाही. आणि घरातली बॅटन लावणार असाल तर ती थेट 230 व्होल्टवर असते, पाण्याच्या वाफेची सवय नसते तिला, काचेचं झाकण ठेवा, वायर प्लगच्या खाली झोळ पडेल अशी सोडा म्हणजे थेंब बोर्डात जाणार नाही. त्यापेक्षा अडॅप्टरवाला टँकचाच लाइट घेतलेला बरा.

रंगावरून एवढं लिहिलं पण खरं सांगू का, शेवाळाने मला छळलं ते रंगामुळे नाही. सुरुवातीला पांढरा रोज दहा तास चालायचा, दर रविवारी काच खरवडायला लागायची. साधा सॉकेट टायमर लावला, दुपारी चार ते रात्री अकरा, सात तास. आता महिन्यातून एकदा खरवडतो, आणि मी घरी असतो तेव्हाच टँक पेटलेला असतो.

सध्या टँकवर 6500 चा पांढरा आहे, मध्ये सहा लाल. आरजीबी स्ट्रिप रिमोटसकट गेल्या गणपतीत मखराला लावली, तिथे झकास दिसते, आईने यंदासाठीही बाजूला काढून ठेवलीय.