टॉर ब्राउझर: बरेच महिने रोज वापरल्यानंतरचा अनुभव

"तुमचं वय सिद्ध करा" म्हणून ओळखपत्राचा फोटो नाहीतर सेल्फी व्हिडिओ मागणारी पानं आता जिकडेतिकडे दिसायला लागलीत, आणि ते बघून ज्यांच्या पोटात गोळा येतो त्यांच्यासाठी हे लिहितेय. टॉर म्हणजे तुम्ही कोण हे साइटला कळू नये म्हणून तुमचं ट्रॅफिक बऱ्याच सर्व्हरमधून फिरवणारा ब्राउझर, तो मी गेले कित्येक महिने लॅपटॉपवर रोज वापरतेय. बातम्या, आजारपणाबद्दलची शोधाशोध, कायद्याचे प्रश्न, नुसतं वाचन, सगळं त्यातूनच. बँक आणि माझ्या खऱ्या नावाची अकाउंट्स मात्र साध्या ब्राउझरमध्ये. त्याआधी पैसे भरून व्हीपीएन (एका कंपनीच्या सर्व्हरमधून ट्रॅफिक नेणारी सेवा) वापरायचे, त्यामुळे तुलना त्याच्याशीच होणार.

सगळे आधी स्पीडचं विचारतात. हळू आहे. लेख, पीडीएफ, चर्चा वाचायला काही अडत नाही, पान उघडायला थोडा वेळ जास्त लागतो एवढंच, पण मोठा व्हिडिओ हाय क्वालिटीत बघायचा असेल तर नाद सोडा. टॉरेंट तर अजिबात चालवू नका, त्यात तुमचा खरा आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, बाहेर पडू शकतो आणि ज्यांना हे नेटवर्क जिवाच्या आकांताने लागतं त्यांची बँडविड्थ आपण खातो.

स्पीडपेक्षा कॅप्चाचा वैताग जास्त. टॉरच्या एक्झिट सर्व्हरची, म्हणजे जिथून तुमची रिक्वेस्ट शेवटी साइटकडे जाते त्यांची, यादी जाहीरच असते, त्यामुळे बऱ्याच साइट्स तिथून आलेल्या माणसाला आधी कोडी घालतात, काही तर सरळ दारातूनच परत पाठवतात. अशा वेळी ॲड्रेस बारमधून त्या साइटसाठी नवीन सर्किट, म्हणजे सर्व्हरमधून जायचा नवा रस्ता, घ्यायचं, पुष्कळदा काम होतं, नाही झालं तर ती साइट मी सोडून देते.

आता मुद्द्याचं, ज्यासाठी मी व्हीपीएन सोडलं. टॉरमध्ये तुमची रिक्वेस्ट एकामागोमाग तीन रिलेमधून, म्हणजे पुढे पाठवणाऱ्या सर्व्हरमधून, जाते आणि तिच्यावर एन्क्रिप्शनचे, म्हणजे सांकेतिक कुलपाचे, थर असतात. पहिल्या रिलेला, म्हणजे गार्डला, तुम्ही कोण ते कळतं पण कुठे चाललात ते कळत नाही. शेवटच्या एक्झिटला कुठली साइट उघडतेय ते कळतं पण मागणारा कोण ते कळत नाही. मधल्याला यातलं काहीच नाही. ही मूळ कल्पना 1990 च्या दशकात अमेरिकेच्या नेव्हल रिसर्च लॅबोरेटरीत तयार झाली, आता टॉर प्रोजेक्ट ही ना-नफा संस्था सॉफ्टवेअर सांभाळते आणि रिले जगभरचे स्वयंसेवक चालवतात. व्हीपीएनमध्ये ह्या दोन्ही गोष्टी, तुम्ही कोण आणि तुम्ही काय बघता, एकाच कंपनीच्या हातात जातात. ती म्हणते आम्ही लॉग (वापराची नोंद) ठेवत नाही, आणि आपण त्या वाक्यावर विसंबून राहायचं. शिवाय कंपनी चांगली असली तरी सरकार नियम बदलू शकतं. भारतात एप्रिल 2022 मध्ये सर्ट-इन ह्या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने आदेश काढला की व्हीपीएनवाल्यांनी ग्राहकांची नावं, पत्ते, आयपी असली माहिती निदान 5 वर्षं ठेवावी, त्यावर एक्सप्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन यांनी भारतातले सर्व्हरच काढून घेतले. त्यांनी काढले हे चांगलंच केलं, पण माझी प्रायव्हसी कुठल्यातरी कंपनीच्या धाडसावर अवलंबून असावी हे मला नको होतं.

वय तपासणीचे कायदे नेमकं उलट करतात, जे वेगळं ठेवायचं तेच एकत्र आणतात. ब्रिटनचा ऑनलाइन सेफ्टी ॲक्ट 2023 चा, पण वय तपासायची सक्ती 25 जुलै 2025 पासून लागू झाली, नाही पाळलं तर दंड 1.8 कोटी पौंड किंवा जागतिक उलाढालीच्या 10 टक्के, जे जास्त असेल ते. एवढा दंड डोक्यावर असल्यावर कंपन्या बाहेरच्या एजन्सीला काम देतात, ओळखपत्रं गोळा होतात, आणि गोळा झालेलं कधीतरी फुटतंच. ऑक्टोबर 2025 मध्ये डिस्कॉर्ड ह्या गप्पांच्या ॲपने सांगितलं की त्यांच्या ग्राहकसेवेचं काम करणाऱ्या बाहेरच्या कंपनीकडून सुमारे 70,000 लोकांच्या सरकारी ओळखपत्रांचे फोटो उघड झाले असू शकतात, आणि ते फोटो लोकांनी वयाबद्दलच्या अपिलासाठीच दिलेले होते. पासवर्ड फुटला तर बदलता येतो, चेहरा आणि जन्मतारीख कशी बदलणार?

मुलांची काळजी मलाही आहे. तरीपण ब्रिटनमध्ये नियम लागू झाल्यावर लगेच व्हीपीएनची ॲप्स डाउनलोडच्या यादीत वर चढली, काही ठिकाणी तर लोकांनी व्हिडिओ गेममधल्या पात्राचा चेहरा कॅमेऱ्यासमोर धरून वय पास करून घेतलं. म्हणजे हुशार पोरगं पाच मिनिटात निसटतं आणि ओळखपत्र देऊन बसतो तो साधा, नियम पाळणारा मोठा माणूस. त्यातही ज्याच्याकडे कागदपत्रंच नाहीत, किंवा जी बाई घरातल्या मारहाणीबद्दल गुपचूप माहिती शोधतेय, किंवा ज्याला आपल्या लैंगिकतेबद्दल विचारायचंय पण नाव लावून नाही, अशा लोकांनी काय करायचं? माझ्यासाठी टॉरची खरी किंमत ह्या माणसांसाठी आहे.

पण टॉर म्हणजे सगळ्यावर इलाज नाही, हे वापरताना नीट कळतं. दरवाजा देश बघून लावलेला असेल तर एक्झिट दुसऱ्या देशातला मिळाला की तो उघडा दिसतो, आणि एक्झिट त्याच देशातला निघाला तर तुम्हालाही तेच वयाचं पान. पण ऑस्ट्रेलियाचा कायदा घ्या, 10 डिसेंबर 2025 पासून 16 वर्षांखालच्यांना सोशल मीडियावर अकाउंट ठेवता येत नाही, तो अकाउंटवर लागतो. तिथे लॉगिन केलंत की तुम्ही कितीही थरांमागे असा, अकाउंट तुमचंच. अमेरिकेत युटा राज्याने 2025 मध्ये ॲप स्टोअरवरच वय तपासायची जबाबदारी टाकली, म्हणजे तपासणी नेटवर्कवरून फोनमध्ये सरकतेय. रस्ता बदलून जाता येतं, हातातल्या फोनलाच तुमचं वय विचारायला लावलं तर टॉरचा काय उपयोग?

म्हणून पळवाटांवर समाधान मानून चालणार नाही, तपासणीची पद्धतच टॉरसारखी बनवायला लावली पाहिजे. हे जमतं. फ्रान्सच्या आरकॉम ह्या नियामकाने ऑक्टोबर 2024 मध्ये नियम काढले त्यात दुहेरी अनामिकतेचा निदान एक पर्याय द्यायची अट आहे, वय तपासणाऱ्याला कळता कामा नये तुम्ही कुठल्या साइटवर चाललात, आणि साइटला कळता कामा नये तुम्ही कोण. युरोपियन युनियनने जुलै 2025 मध्ये वय तपासणीच्या ॲपचा आराखडा दिला, डेन्मार्क, फ्रान्स, ग्रीस, इटली, स्पेन ह्यांनी चाचणीला होकार दिला, त्यात साइटला फक्त "18 च्या वर, हो" एवढंच जावं असा हेतू आहे, आणि झीरो-नॉलेज प्रूफ नावाचं गणित, म्हणजे माहिती न दाखवताच ती खरी असल्याचं सिद्ध करणं, वापरून हे करता येतं. मला अजूनही धास्ती आहे कारण ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही ते बाहेरच राहतात आणि आज वयासाठी बांधलेलं दार उद्या दुसऱ्याच कारणासाठी बंद करता येतं. पण कायदा येणारच असेल तर मागणी निदान ही हवी.

आता ज्यांच्याकडे टॉरच ब्लॉक आहे त्यांच्यासाठी. रशियाने डिसेंबर 2021 मध्ये ब्लॉक केलं, चीनमध्ये तर बरीच वर्षं आहे. त्यावर ब्रिज असतात, जाहीर यादीत नसलेले रिले. सेटिंग्जमध्ये कनेक्शनमध्ये जाऊन निवडायचे. स्नोफ्लेक हा प्रकार मला सगळ्यात आवडतो, त्यात स्वयंसेवकांच्या ब्राउझरमधून वेबआरटीसीने, म्हणजे व्हिडिओ कॉलच्याच तंत्राने, तुमचं ट्रॅफिक पुढे जातं, 2022 मध्ये इराणमध्ये निदर्शनं पेटली आणि इंटरनेट आवळलं गेलं तेव्हा याचा वापर खूप वाढला. मार्च 2024 मध्ये वेबटनेल नावाचा ब्रिज आला, त्याचं ट्रॅफिक साध्या एचटीटीपीएससारखं, म्हणजे नेहमीची सुरक्षित साइट उघडल्यासारखं, दिसतं. ब्रिज न वापरता टॉर चालवलं तर तुमच्या इंटरनेट कंपनीला तुम्ही टॉर वापरताय एवढं दिसतं, काय बघताय ते दिसत नाही. जिथे नुसतं टॉर वापरणंही अंगाशी येऊ शकतं तिथे हा फरक आधी समजून घ्या मगच उघडा.

वापरताना ह्या गोष्टी पाळते. एक्स्टेन्शन एकही टाकत नाही, कारण सगळ्यांचा ब्राउझर सारखा दिसणं हेच संरक्षण आहे. विंडोभोवती राखाडी पट्टा दिसतो तो बिघाड नाही, स्क्रीनच्या मापावरून ओळख पटू नये म्हणून असतो. सिक्युरिटी लेव्हल मी "सेफर"वर ठेवते, "सेफेस्ट"वर जावास्क्रिप्ट पूर्ण बंद होतं आणि निम्म्या साइट्स मोडतात. डाउनलोड केलेली डॉक्युमेंट नेट बंद करूनच उघडते. आणि डाउनलोड फक्त टॉर प्रोजेक्टच्या अधिकृत साइटवरून, कारण नकली टॉर ब्राउझर वाटणारे लोक आहेत. अँड्रॉइडवर त्यांचं स्वतःचं ॲप आहे, आयफोनवर नाही, तिथे ते ओनियन ब्राउझर सुचवतात पण लॅपटॉपइतकं संरक्षण त्यात मिळत नाही.

ज्यांना टॉरची गरज नाही त्यांनी निदान स्नोफ्लेकचं एक्स्टेन्शन आपल्या रोजच्या फायरफॉक्स किंवा क्रोममध्ये टाका. त्यासाठी वेगळं काही शिकावं लागत नाही, आणि तुमचा आयपी एक्झिट म्हणून वापरला जात नाही, समोरच्या साइटला तो दिसतच नाही, त्यामुळे कुणी काय उघडलं याचं बालंट तुमच्यावर येण्याची भीती नाही. माझ्याकडे ते सतत चालू असतं.