गळक्या रेडिएटरला हळद की प्रेशर टेस्ट?

गगनबावड्याच्या चढाला माझ्या जुन्या फोर बाय फोरचा टेम्परेचरचा काटा लाल रेघेला टेकला, तेव्हा एका ट्रकवाल्या मामांनी गाडी गार होऊ दिली आणि रेडिएटरात मूठभर हळद टाकली. हळद काय, बाजारातली लीक-स्टॉप पावडर काय, बारीक छिद्रात अडकते आणि गळती थांबते. घर गाठायला तेवढं बास. पण तीच पावडर रेडिएटरच्या नळ्यांत आणि हीटरमध्येही बसते. मग गाडी गळत नाही, तरी तापते.

दुसरा मार्ग कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या मेस्त्रींचा, प्रेशर टेस्टचा. इंजिन गार असताना रेडिएटरच्या कॅपच्या जागी हातपंप बसवायचा, कॅपवर छापलेल्या दाबापर्यंत हवा भरायची आणि थांबायचं. दाब उतरला की टॉर्च घेऊन होजच्या, म्हणजे रबरी नळ्यांच्या, क्लिपा, रेडिएटरचे सांधे तपासायचे. माझ्या गाडीत वॉटर पंपाच्या खालच्या बारीक भोकापाशी हिरवट-पांढरा थर वाळलेला सापडला. तिथून कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, आलं म्हणजे आतलं सील गेलं. तिथं हळदीचा उपयोग नाही. पंपच बदलला. बाहेर कुठंच ओल नाही आणि तरी दाब उतरतोय, तर हेड गॅस्केटचा, म्हणजे इंजिनच्या हेडखालच्या पॅकिंगचा, संशय घ्यावा.

टेस्टला वेळ आणि पैसा जास्त जातो, तरी घाटात जाणाऱ्या गाडीला मी तीच करून घेईन. हळदीची पुडी डिकीत असू दे.