मऊ डाग शोधायला रॉकवेल की एडी करंट?

इंडक्शन हार्डनिंग केलेल्या, म्हणजे विजेच्या कॉइलने पृष्ठभाग तापवून कडक केलेल्या शाफ्टवर कडकपणा सगळीकडे सारखा आलाय का? रॉकवेल सी पद्धतीत हिऱ्याचा 120 अंशांचा शंकू 150 किलोच्या भाराने दाबतात आणि थेट आकडा मिळतो: 58, 60. ड्रॉइंगवरही हाच आकडा असतो, त्यामुळे रॉकवेलला सुट्टी देता येत नाही. पण तो त्या एका टिंबापुरताच खरा. क्वेंचिंग करताना, म्हणजे तापलेला पार्ट द्रवाने झटकन थंड करताना, वाफेचा थर चिकटून राहिला, की तिथे मार्टेन्साइट (स्टीलची कडक रचना) नीट बनत नाही, आणि असा मऊ डाग दोन ठशांच्या मधून बिनबोभाट निसटतो.

एडी करंटमध्ये एसी प्रवाहाच्या कॉइलजवळ शाफ्ट फिरवतात. मऊ भागाची चुंबकीय पारगम्यता (चुंबकीय क्षेत्राला वाट देण्याची क्षमता) वेगळी, म्हणून तिथे सिग्नल लगेच हलतो. ओरखडाही न उमटता सगळा माल तपासून होतो. एचआरसी, म्हणजे रॉकवेल सीचा आकडा, मात्र कळत नाही. आधी चांगले नमुने दाखवून सेटिंग करावं लागतं. स्टीलची हीट (एका वेळी वितळवलेली बॅच) बदलली किंवा पार्ट गरम असला, तरी सिग्नल सरकतो.

स्टिअरिंगचे पार्ट नुसत्या रॉकवेलवर पास करू नयेत, असं मला ठामपणे वाटतं. सगळे पार्ट एडी करंटखालून काढा, सिग्नल हलेल तिथे मार्करने खूण करा आणि ठसा नेमका त्याच जागी घ्या.