दि. बा. पाटील यांची कात्रणवही आणि वाशीतले बांधणीचे दुकान

माझ्या वडिलांनी हिशेबाच्या एका लांब वहीत लोकनेते दि. बा. पाटील यांच्याविषयीची वर्तमानपत्री कात्रणे वर्षानुवर्षे चिकटवून ठेवली होती. ती स्कॅन करून वहीची नव्याने बांधणी करण्याचे काम मी वाशी स्थानकाजवळच्या एका लहान दुकानाकडे दिले आणि एक तक्रार वगळता त्या कामावर मी पूर्ण समाधानी आहे.

ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी कंपनीसाठी संपादित झाल्या, त्यांत आमची भातशेतीही गेली. त्यामुळे शेतकऱ्यांच्या बाजूने लढणारा, शेतकरी कामगार पक्षाचा हा उरणजवळच्या जासईचा वकील आमदार आमच्या घरात नेहमी ‘दिबा’ एवढ्याच नावाने ओळखला जाई. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात याच जमिनींच्या मोबदल्यासाठीच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच आंदोलक हुतात्मा झाले, त्या दिवसांची कात्रणे वहीत चार घड्या घालून ठेवलेली होती. घडीच्या रेषेवर कागद इतका विरला होता की मी स्वतः तो कधी उलगडला नव्हता. दुकानदारांनी तो पातळ पारदर्शक कागदावर आधार देऊन, हळूहळू सपाट करून घेतला आणि एकही अक्षर गमावले नाही. बाजूला वडिलांनी निळ्या शाईत लिहिलेले ‘आज जासईला चालत’ हे शब्द मी या निमित्ताने प्रथमच वाचले.

तक्रार आहे ती नेमकी समासाची. पहिल्या खेपेस स्कॅन करताना पानांच्या कडा छाटल्या गेल्या आणि अशा सगळ्या नोंदी नाहीशा झाल्या. मी ते दाखवून दिल्यावर त्यांनी कोणतीही हुज्जत न घालता सर्व ११८ पाने पुन्हा, विनामूल्य स्कॅन करून दिली, मात्र त्यामुळे वही आठवडाभर उशिरा मिळाली. अनुक्रमणिका टंकलिखित करतानाही एक चूक झाली होती: दिबा पनवेलमधून १९५७, १९६२, १९६७, १९७२ आणि १९८० असे पाच वेळा विधानसभेवर, तर कुलाबा (आताचा रायगड जिल्हा) मतदारसंघातून १९७७ आणि १९८४ मध्ये लोकसभेवर निवडून गेले, परंतु १९७७ चे कात्रण विधानसभेच्या गटात लागले होते. तेही दुरुस्त झाले. आपली जुनी कागदपत्रे देताना समास राखण्याची सूचना आधीच लेखी द्यावी, असे मी आवर्जून सांगेन.

स्कॅनिंगचे पानाला १५ रुपये आणि कापडी पाठीच्या शिवण बांधणीचे ९०० रुपये घेतले. जमीन गेलेल्यांना मोबदल्यात मिळणाऱ्या साडेबारा टक्के विकसित भूखंडाच्या हक्काविषयीचा कात्रणांचा जाड गठ्ठा मध्ये असूनही वही पूर्ण उघडते आणि पान सुटत नाही, यातच बांधणाऱ्याचे कसब दिसते.

वडिलांचे शेवटचे कात्रण २४ जून २०१३ रोजी झालेल्या दिबांच्या निधनाचे आहे आणि त्यापुढची पाने कोरी आहेत. ती कापून वही आटोपशीर करू का, असे दुकानदारांनी काम सुरू करण्यापूर्वी फोन करून विचारले. मी नको म्हटल्यावर त्यांनी ती तशीच शिवली. नवी मुंबईच्या विमानतळाला दिबांचे नाव द्यावे म्हणून झालेल्या आंदोलनाची, मी स्वतः जपलेली कात्रणे आता त्या पानांवर लावायला घेतली आहेत.