सेकंडहँड बोलेरोला बसवलेलं फॉग लाइटचं वायरिंग किट: पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

फॉग लाइट मंद पडलेत आणि इलेक्ट्रिशियन बल्ब बदलायला सांगतोय, अशी वेळ आली असेल तर बल्बचे पैसे खिशातच ठेवा आणि आधी काळी वायर, म्हणजे करंट बॅटरीच्या मायनसला परत नेणारी अर्थची वायर, तपासा. या एका वायरीने माझा जवळजवळ सगळा पावसाळा खाल्ला, म्हणून सविस्तर लिहितोय.

गाडी जुनी बोलेरो. आधीच्या मालकाने ५५ वॉटचे हॅलोजन फॉग लाइट लावलेले होते, पण रिले (स्विचच्या छोट्या करंटवर दिव्यांचा मोठा करंट चालू-बंद करणारा डबा) नाही. पार्किंग लाइटची वायर सोलून तिला पीळ मारलेला आणि वर टेप. दोन दिवे मिळून ९ अँपिअरच्या आसपास ओढतात आणि तो सगळा लोड त्या बारीक वायरीतून आणि स्विचमधून जात होता. स्विच हाताला गरम लागायचा. म्हणून रिले, फ्यूज आणि स्विच असलेलं तयार हार्नेस किट घेतलं, साडेआठशे रुपयांत. बसवलं नाशिकच्या द्वारकेजवळच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनने, मजुरी ४००. कंपनीचं नाव देत नाही. या किमतीतल्या पेट्या उघडून बघितल्या तर नाव सोडून आतला माल फारसा वेगळा नसतो.

सुरुवातीला प्रकाश बरा होता. जूनच्या शेवटाला पाऊस लागला आणि इगतपुरीच्या पुढे, कसारा घाटात उतरताना, दिवे लावूनही रस्त्याची पांढरी कड दिसेना. खड्ड्यातून गेलं की रिले टकटक वाजायचा. इंडिकेटर दिला की दोन्ही फॉग लाइट त्याच तालावर मंद-प्रखर व्हायचे.

परत गेलो तर उत्तर मिळालं, “भाऊ, बल्ब लोकल आहेत. एलईडी टाकून घ्या, विषय संपला.” एलईडीची जोडी साडेतीन हजारांची. मी अर्थ तपासायला सांगितलं तर त्यांनी मल्टिमीटर बीपवर (जोड आहे की नाही एवढंच सांगणारी सेटिंग) ठेवला, काळ्या वायरीला आणि बंपरच्या पट्टीला टेकवला. “हे बघा, वाजतंय ना?” वाजणारच! दहा तारांपैकी एक तार शाबूत असली तरी मीटर वाजतो. त्या एका तारेतून ९ अँपिअर जाताना काय होतं, हे बीप कधीच सांगत नाही. नाशिकजवळच्या गोंद्याला माझं काम इलेक्ट्रिक पॅनेलच्या वायरिंगचं आहे. तिथे चुकीचं दाबलेलं एक थिंबल (वायरीच्या टोकाला दाबून बसवायची धातूची कडी) सापडलं तर अख्खं पॅनेल परत येतं. इथे लोकांचा जीव घाटात असतो आणि तपासणी बीपवर होते, याचा मला खरोखर संताप आला. मजुरी परत मागितली, मिळाली नाही. साडेतीन हजार मात्र दिले नाहीत.

रविवारी घरीच मोजलं. इंजिन चालू, फॉग लाइट चालू, मीटर डीसी २० व्होल्टवर. बॅटरीच्या दोन टोकांत १३.९. दिव्याच्या कपलरवर, म्हणजे वायर दिव्याला जोडते त्या प्लगवर, ११.२. म्हणजे २.७ व्होल्ट वाटेत कुठेतरी हरवत होते. मग एक प्रोब बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरा दिव्याच्या लाल वायरीवर: ०.३, ठीक. एक प्रोब बॅटरीच्या मायनसवर, दुसरा दिव्याच्या काळ्या वायरीवर: २.४! हा आकडा ०.१ च्या आसपास हवा. हॅलोजनचं व्होल्टेज दहा टक्के घटलं तर प्रकाश तीस टक्क्यांनी घटतो, त्यामुळे ११.२ वर मला निम्माच प्रकाश मिळत होता. बल्ब पूर्णपणे चांगले होते.

काळ्या वायरीचं थिंबल ओढलं तर हातात आलं. तांब्यावर न दाबता नुसतं प्लॅस्टिकवर दाबलेलं होतं. हा दोष किटचा. त्याच्या खाली बंपरच्या पट्टीवर रंग आणि गंज. हा दोष फिटिंगचा, आणि बोलेरोवाल्यांनी तो नीट समजून घ्यावा. या गाडीची बॉडी चासीवर रबरच्या माउंटिंगवर बसते. बंपरची पट्टी चासीला असते, त्यामुळे तिथे दिलेला अर्थ बॅटरीपर्यंत कसा परततो हे चासी आणि बॉडी यांना जोडणाऱ्या मधल्या अर्थपट्टीवर अवलंबून राहतं. जुन्या गाडीत ती पट्टी कुजलेलीच समजा. वर इंडिकेटरची काळी वायरही त्याच बोल्टला जोडलेली. म्हणून ते तालावर नाचणं.

किट बनवणारे लाल वायर त्यातल्या त्यात जाड देतात, काळी बारीक आणि आखूड देतात. का? लाल वायरीतून जितका करंट जातो तितकाच काळीतून परत येतो, एक अँपिअरसुद्धा कमी नाही. दिवे, लेन्स, रंग यांवर लोक तासन्‌तास बोलतात, काळ्या वायरीची जाडी कुणी विचारत नाही. विचारा. दुकानात पेटी उघडून बघा.

मी दोन्ही दिव्यांपासून अडीच स्क्वेअर एमएमची काळी वायर ओढून थेट बॅटरीच्या मायनसला नेली. थिंबल तांब्यावर दाबलं, वर हीट श्रिंक स्लीव्ह, बोल्टला दातेरी वॉशर, शेवटी पेट्रोलियम जेली. जेली जोड घट्ट झाल्यावर वरून लावायची. इगतपुरीला वर्षाला ३००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, उघडं तांबं तिथे टिकत नाही. खर्च तीनशेच्या आत. पुन्हा मोजलं: ०.०६.

रिलेबद्दलचं माझं मत इथे बदललं. टकटक ऐकून तो भिकार आहे असंच वाटत होतं. पण त्याची ८५ नंबरची पिनही, म्हणजे रिलेला ओढून धरणाऱ्या कॉइलचं अर्थकडचं टोक, त्याच सैल अर्थवर होती. दिवे चालू असताना खड्ड्यात तो जोड हलला की अर्थचं व्होल्टेज आणखी वर चढायचं, कॉइलला पुरेसं मिळायचं नाही, रिले सुटायचा, पुन्हा ओढला जायचा. अर्थ बदलल्यापासून तोच रिले सप्टेंबरचा सगळा पाऊस आणि वाडीवऱ्हेच्या पहाटेच्या धुक्यात एकदाही वाजलेला नाही.

फ्यूजवर मात्र राग कायम. किटमध्ये ३० अँपिअरचा होता आणि वायर जेमतेम एक स्क्वेअर एमएम. फ्यूज वायर वाचवण्यासाठी असतो. शॉर्ट झालं तर इथे आधी वायर जळेल, मग फ्यूज. मी १५ चा टाकला, आणि लाल वायरही बदलली. फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरातच ठेवा.

पिवळा प्रकाश धुकं कापतो असं सांगतात, मला तसं आढळलं नाही. डोळ्यांना कमी टोचतो, एवढंच. दिवा खाली असणं आणि झोत आडवा पसरणं जास्त कामाचं. उजव्या लेन्समध्ये थोडी वाफ धरते, दिवा लावल्यावर जाते.

पहिल्या महिन्यात किटला पाचपैकी एक दिला असता, आज तीन देतो. त्यातले दोन रिले आणि स्विचचे. मीटर हातात होताच म्हणून हेडलाइटचा अर्थही मोजला. ०.७ आला आहे. येत्या रविवारी तोच बोल्ट खोलतोय.